श्री. पाक यांचा दात

एकदा एका गुरुजींचा दात दुखू लागला.

आता म्हाताऱ्या माणसाचा दात दुखणे ही काही मुद्दाम बसून सांगण्याजोगी गोष्ट नव्हे, हे मलाही समजते. दात दुखतो, हिरडी सुजते, दात उपटला जातो आणि माणूस पुढचे आयुष्य एका बाजूने चावतो. पण या एका दातापायी एका अतिशय हुशार तरुणाचे डोळे उघडले, तेव्हा त्या दाताला एवढा मान देणे भाग आहे.

हे गुरुजी म्हणजे रेव्हरंड त्रिभुवन. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी कोरियात, देगू नावाच्या शहरात, धर्मसेवेत घालवली. शरीर थकले तसे ते परत आले आणि नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावाबाहेर, मिशनच्या बंद पडलेल्या शाळेत, तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना तयार करू लागले. दरवर्षी पाचसात मुले येत. पहाटे प्रार्थना, मग झाडलोट, मग विहिरीचे पाणी, आणि त्यानंतर दिवे लागेपर्यंत कोरियन भाषा. दाराला, खिडकीला, बादलीला, माठाला त्या त्या वस्तूचे कोरियन नाव लिहिलेली चिठ्ठी डकवलेली असे. एकदा चहाच्या डब्यावरची चिठ्ठी सुटून थेट आधणात पडली आणि स्वयंपाक करणाऱ्या सालोमीबाईंनी ती पळीने बाहेर काढून सगळ्यांच्या नाकासमोर नाचवली. "तुमची भाषा तुमच्या डोक्यात घाला, माझ्या चहात नको," असे त्यांनी बजावले, तेही अस्सल नगरी मराठीत.

जेवताना कोरियनशिवाय बोलायचे नाही असा दंडक होता. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे कित्येक जण चटणी मागता न आल्याने कोरडी भाकरी चावून उठत. दुपारी तिकडच्या जेवणाच्या लोखंडी काड्यांनी ताटलीतले शेंगदाणे उचलण्याचा सराव चाले. शेंगदाणा टुणकन उडून कुणाच्या तरी सदऱ्यात जाई आणि मोठा हशा पिके. वडीलधाऱ्यांना वस्तू देताना दोन्ही हात लावायचे, त्यांच्यापुढे कमरेत वाकायचे, त्यांनी चमचा उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही, हे सगळे रोजच्या वागण्यातून अंगवळणी पडे.

पण या शाळेचा खरा कस लागत असे तो व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत. ही गुरुजींची राहण्याची खोली. दुपारी चार वाजले, की गुरुजी गुरुजी राहत नसत. ते देगू शहरातले श्री. पाक होत. श्री. पाक हे निवृत्त बसचालक, स्वभावाने चिडके, कानाने जरा कमी आणि पाहुण्याला लवकर न बधणारे. मुलांनी एकेकट्याने जाऊन दार ठोठवायचे, पाकसाहेबांना वाकून नमस्कार करायचा, ओळख वाढवायची आणि बोलता बोलता आपल्या पाठाकडे वळायचे. पाठ म्हणजे आपल्या श्रद्धेविषयी दोन शब्द सांगणे. त्याचे टप्पे ठरलेले असत.

गुरुजी ही भूमिका काय रंगवत! पाकसाहेब एखाद्या दिवशी सुनेशी भांडून बसलेले असत, एखाद्या दिवशी दारातूनच हाकलून देत, एखाद्या दिवशी रडत. एकदा तर त्यांची पाठ इतकी धरली, की रत्नाकर नावाचा एक साधाभोळा मुलगा घाबरून मराठीत बोलून गेला, "गुरुजी, खरंच दुखतंय का हो?" झाले! गुरुजी ताडकन सरळ बसले आणि कडाडले, "इथे गुरुजी कोण आहे? या खोलीत मी पाक आहे! देगूत तुझ्याशी मराठीत कोण बोलणार आहे?" रत्नाकर कानकोंडा होऊन बाहेर आला. पुढे आठवडाभर पोरांनी त्याची टर उडवली. त्या खोलीतले सगळे नाटक असते आणि नाटकात शिरायचे ते पूर्ण शिरायचे, हे त्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले.

आणि सर्वांत पक्के बसले ते आमोसच्या डोक्यात.

आमोस हा आपल्या कथेतला हुशार तरुण. जालन्याकडच्या एका खेड्यातून आलेला. बाप लहानपणीच गेला. आईने शाळेत झाडलोट करून वाढवला. मुलगा परदेशी धर्मसेवेला जाणार हे तिने अख्ख्या गल्लीत केव्हाच सांगून टाकले होते, आणि तिकडे बर्फ पडते म्हणून लोकरीचा जाडजूड स्वेटर विणून पाठवलाही होता. आमोस तो अधूनमधून ट्रंकेतून काढून बघे आणि पुन्हा घडी करून ठेवी. त्या वर्षी मिशनचे मंडळ एकालाच पाठवणार होते. कुणाला, ते गुरुजींनी ठरवायचे आणि महिनाअखेर पत्राने कळवायचे. आमोसला जायचेच होते. गेला नाही तर आईला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हा विचार त्याची पाठ सोडत नसे.

तसा त्याला धोका नव्हता. कोरियन त्याच्या जिभेवर अशी खेळे की इतर मुले ऐकत राहत. पाठाचा प्रत्येक टप्पा त्याला मुखोद्गत होता. पाकसाहेबांनी कुठलाही आडवळणी प्रश्न टाकला तरी आमोस त्याला गोंजारून परत पाठाच्या रस्त्यावर आणी. त्याला फक्त आणखी सफाई हवी होती. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्याही त्याचे ओठ हलत असत.

अशात गुरुजींचा दात दुखू लागला. आणि वेळही अशी, की सालोमीबाई मुलीच्या बाळंतपणासाठी श्रीरामपूरला गेलेल्या. पोरेच आळीपाळीने स्वयंपाक करत आणि गुरुजींचे ताट त्यांच्या दाराशी ठेवून येत.

पहिल्या दिवशी चारच्या ठोक्याला आमोसने दार ठोठावले. गुरुजींनी दार उघडले. एक हात गालाला लावलेला. ते कोरियनमध्ये म्हणाले, "इगा आफायो." म्हणजे, दात दुखतोय.

आमोसने ओळखले. हे वाक्य दवाखान्याच्या धड्यात होते! त्याने झटकन कमरेत वाकून त्याच धड्यातले उत्तर दिले, "हे ऐकून फार वाईट वाटले. आपल्याला लवकर आराम पडो." आणि क्षणभरही न अडखळता पुढे म्हणाला, "आपल्याकडे थोडा वेळ आहे का?"

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज नको." दार लागले.

आमोस परतला तो खुशीत. उच्चार स्वच्छ, आदराची क्रियापदे जिथल्या तिथे. पाकसाहेबांनी आत घेतले नाही, पण तो त्यांचा स्वभावच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी वर्ग घेतला नाही. फळ्यावर लिहायचे काम देऊन ते खोलीत निघून गेले होते. निवडीचे दिवस जवळ आले की गुरुजी असेच हातभर अंतर ठेवून राहतात, असे मुलांनी ठरवून टाकले. चार वाजता आमोस गेला. दार उघडले. या वेळी गुरुजींचा उजवा गाल चक्क सुजलेला, डोळा बारीक झालेला. तेच वाक्य: दात दुखतोय. फार दुखतोय.

आमोसने मनातल्या मनात टाळीच वाजवली. त्याने कालच्यापेक्षाही सरस वाक्य जुळवले. दातांची निगा राखणे किती महत्त्वाचे, देह नश्वर असला तरी आत्मा कसा... आणि तिथून तो अलगद पाठाच्या पहिल्या टप्प्यावर उतरला. त्याला स्वतःचेच कौतुक वाटले. दातापासून आत्म्यापर्यंत एका दमात! गुरुजी दाराला टेकून उभे होते. त्यांनी पहिला टप्पा पुरा ऐकून घेतला, मान हलवली आणि दार लावले.

रात्री जेवताना आमोस रंगात आला होता. जेवताना कोरियनच बोलायचे हा दंडक गुरुजींच्या माघारी जरा सैल झाला होता. "काय माणूस आहे राव! गाल बघितला का तुम्ही? तोंडात अख्खी सुपारी धरून बसलेत. आपल्याला जमेल का असं?"

"सुपारी?" रत्नाकर घास हातात धरून थांबला. "अरे, मला तर खरंच सुजल्यासारखा वाटला. त्यांचं दुपारचं ताटही तसंच परत आलंय."

"तुझी भाकरी करपली होती, म्हणून आलं," आमोस म्हणाला आणि सगळे हसले. "जा, जाऊन मराठीत विचार पुन्हा. मागच्या वेळचं विसरलास का?"

रत्नाकर विसरला नव्हता. त्याने हातातला घास तोंडात घातला. माणसाला एकदा दयेपायी बोलणी बसली, की पुढच्या वेळी त्याची दयाही दारातून आत यायला बिचकते.

तिसऱ्या दिवशी आमोसने दार ठोठावले तेव्हा ते उघडलेच नाही. त्याने पुन्हा ठोठावले. "घरात कोणी आहे का?" त्याने अत्यंत शुद्ध कोरियनमध्ये विचारले. आतून कण्हल्यासारखा आवाज आला. आमोस हसला. आज पाकसाहेब झोपेचे सोंग घेताहेत तर! यजमान भेटला नाही तर काय करायचे, हेही शिकवलेले होते. त्याने खिशातून कागद काढला, व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून सुवाच्य अक्षरात लिहिले, "आपली भेट होऊ शकली नाही. पुन्हा येईन. आपला दिवस आनंदात जावो." दोनदा वाचून पाहिले. एकही चूक नव्हती. चिठ्ठी त्याने दाराखालून आत सरकवली आणि तो शीळ घालत पाणी शेंदायला गेला.

संध्याकाळच्या प्रार्थनेला गुरुजी आले नाहीत. प्रार्थना त्यांनी कधीच चुकवली नव्हती, आणि पाकसाहेबांचा प्रार्थनेशी काही संबंध नव्हता. आता मात्र सगळ्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. रत्नाकर धावत सुटला, त्याच्यामागे बाकीचे. दाराला कडी नव्हती. नुसते लोटले तरी उघडले असते. गुरुजी जमिनीवरच्या गादीवर पडले होते. अंग चटका बसेल इतके तापलेले, जबडा गळ्यापर्यंत सुजलेला, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. उशाजवळ आमोसची चिठ्ठी होती. ती तिथे कशी आली? दारापासून उशापर्यंत ती काही आपल्या पायांनी आली नव्हती. गुरुजी मदत आली असे समजून दारापर्यंत सरपटत गेले असणार, आणि त्यांच्या हाती आनंदी दिवसाची शुभेच्छा लागली असणार. आमोसने ती चिठ्ठी मुठीत चुरगळली आणि खिशात कोंबली.

गावातल्या एकाची जीप मिळाली. रत्नाकर आणि आणखी एक जण गुरुजींना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. जीपचे दिवे वळणावर दिसेनासे झाले, आणि नेमका तेव्हा आमोसच्या मनात एक विचार आला. तो सांगायला मलाही बरे वाटत नाही, पण आला तो आला: पत्र गेले असेल का?

त्याला स्वतःची शिसारी आली. तो तिथेच पायरीवर मटकन बसला आणि हमसून हमसून रडला.

गुरुजी वाचले. पू जबड्यात उतरला होता, आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिले नसते, असे डॉक्टर म्हणाले. दात काढला, सलाईन लावली, काही दिवस ठेवून घेतले. मुले पाळीपाळीने दवाखान्यात जात. आमोस गेला नाही. पाळी आली की तो स्वयंपाकाचे निमित्त काढी. पाठ म्हणायला बसला की त्याला दारामागचे ते कण्हणे ऐकू येई, आणि वाक्य मध्येच तुटे. भाषा सगळी जिथल्या तिथे होती. ती तोंडात धरवत नव्हती. शेवटी त्याने ठरवले. गुरुजी आले की सांगून टाकायचे, माझे नाव पाठवू नका. आईला काय सांगायचे ते नंतर बघू.

गुरुजी परत आले. अंगाने वाळले होते, पण डोळ्यांतली धार तशीच होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता आमोस व्हरांड्याच्या टोकाशी गेला. आज तो पाठासाठी आला नव्हता. सांगायचे ते मराठीत, सरळ, दोन वाक्यांत सांगायचे, असे त्याने मनाशी घोकले होते. त्याने दार ठोठावले.

गुरुजींनी दार उघडले. एक हात गालाला लावलेला. आणि ते म्हणाले, "इगा आफायो."

आमोस थिजल्यासारखा उभा राहिला. दात दुखतोय? कुठला दात? दात तर दवाखान्यात काढून टाकला! रत्नाकरने त्या दाताची मुळे किती लांब होती ते बोटाने मापून दाखवले होते! ही चेष्टा होती का? माझी लाज काढताहेत का? त्याचे कान तापले. आपण केले ते चुकलेच, पण म्हणून असे खिजवायचे? त्याच्या मनात आले, की तडक मागे वळावे, ट्रंक उचलावी आणि जालन्याची एसटी पकडावी.

गुरुजी गालाला हात लावून उभे होते. त्या हातावर सुईची जागा अजून काळीनिळी दिसत होती, आणि मनगट किती बारीक झाले होते! आमोसने ते पाहिले. गेले कितीतरी महिने तो या माणसासमोर रोज उभा राहत होता, आणि त्याचे मनगट आज पहिल्यांदा पाहत होता. खरे काय, खोटे काय, ते त्याला कळेना. घोकलेले मराठी वाक्य कुठल्या कुठे गेले. तोंडातून कोरियनच निघाले, तेही आदराचे रूप विसरून, एखाद्या लहान पोराने विचारावे तसे: "कुठे?"

गुरुजींनी बोटाने जागा दाखवली.

"खूप?" आमोसने विचारले.

"रात्री जास्त," गुरुजी म्हणाले.

"झोप येते?"

"नाही येत."

"मी बसू का इथे थोडा वेळ?"

गुरुजी दारातून बाजूला झाले. आमोस आत गेला. नमस्कार करायचा राहून गेला. मग दोघे जमिनीवर समोरासमोर बसले, आणि गुरुजी सांगू लागले, तुटक, थांबून थांबून. काय खाववत नाही, जिभेला रिकामी जागा कशी सारखी लागते, देगूच्या थंडीत दात असाच दुखला होता तेव्हा शेजारच्या म्हातारीने रोज भाताची पातळ पेज आणून दिली होती. आमोस विचारत राहिला. शब्द आठवत नव्हते तिथे हातवारे करत होता. त्या दिवशी त्याने इतक्या चुका केल्या, की पूर्वीच्या आमोसला त्या ऐकवल्या नसत्या. पाठ काढायचा होता, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. व्हरांड्यात पुढच्या मुलाच्या पायांचा आवाज झाला तेव्हा कुठे तो भानावर आला.

गुरुजींनी त्या मुलाला उद्या यायला सांगितले, आणि आमोसला घेऊन ते बाहेर कट्ट्यावर येऊन बसले. खोलीच्या बाहेर मराठी चालत असे.

आमोसने मान खाली घातली. "गुरुजी, माझं नाव पाठवू नका. मी लायक नाही. तुम्ही आत मरत होता आणि मी बाहेर बसून चिठ्ठी लिहीत होतो. माझी परीक्षा झाली आणि मी नापास झालो."

"परीक्षा?" गुरुजींच्या भुवया चढल्या. "अरे, कसली परीक्षा? माझा दात दुखत होता! परीक्षा घ्यायला कुणी गळ्यापर्यंत सुजून बसतं का?" ते हसायला गेले आणि गाल धरून थांबले. "पहिल्या दिवशी दुखत होता म्हणून बोललो. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता हा विचारेल. मग मला हट्टच आला, की याने विचारल्याशिवाय मी मराठीत तोंड उघडणार नाही. म्हातारपणी हट्ट फार वाढतो बाबा. पुढे ताप चढला आणि हट्टही राहिला नाही, आवाजही राहिला नाही. आणि ऐक, यात माझा वाटा तुझ्यापेक्षा मोठा आहे. रत्नाकरने कळवळून विचारलं तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो. दुखणं हे नाटक असतं असं तुम्हाला मीच शिकवलं, आणि त्या शिकवणीत माझाच जबडा अडकला. रत्नाकरची मी दवाखान्यातच माफी मागितली."

गुरुजींनी जरा दम घेतला. मग ते शांतपणे म्हणाले, "मघाशी दारात तू काय विचार करत होतास ते मला दिसत होतं. खरं दुखतंय की सोंग आहे? हेच ना? उद्या तिकडे एखादी बाई दार उघडेल आणि म्हणेल, माझा गुडघा दुखतोय, आज नको. ती तुला टाळत असेल. किंवा खरंच दुखत असेल. किंवा दोन्ही. दारात उभ्याउभ्या ते तुला कसं कळणार? देवाला कळतं, आपल्याला नाही. मग आधी खातरजमा करून घ्यायची आणि मग कळवळायचं, असं जर ठरवलंस, तर तुझ्या कळवळ्याला जन्मभर मुहूर्त लागणार नाही. खोट्या दुखण्याची चौकशी केलीस तर तुझं काय जाईल? दोन शब्द. आणि खऱ्या दुखण्याची नाही केलीस तर काय जाईल, ते तू पाहिलंस. सराव करण्यासाठी म्हणून माणूस नसतो रे कुठे. जो समोर आहे, तो माणूसच असतो."

वारा सुटला होता. चिंचेचा पाला व्हरांड्यात येऊन पडत होता. आमोस हळूच म्हणाला, "तरी पण माझं नाव..."

"तुझं नाव गेलं. दवाखान्यातूनच पत्र लिहिलं. रत्नाकर टाकून आला."

आमोसने चमकून वर पाहिले. "दवाखान्यातून? म्हणजे आज मी विचारण्याच्या आधीच? आणि गुरुजी, मी आजही विचारलं नसतं तर?"

"तर तू गेला असतास, आणि तिकडची माणसं बिचारी तुझे पाठ ऐकत राहिली असती. ती फार सोशिक असतात," गुरुजी म्हणाले. "माझी इतकीच इच्छा होती, की जाण्याआधी एकदा तू माझ्याशी बोलावंस. वर्षभर रोज येत होतास बाबा. पण पाकशी बोलत होतास आणि पाक नव्हताच. मला फार एकटं वाटायचं कधीकधी."

हे ऐकले आणि आमोसच्या डोळ्यांना धार लागली. या माणसाने आपली सगळी उमेद परक्या मुलखात घालवली, परत आला तेव्हा ओळखीचे कुणी उरले नव्हते, आणि ज्या भाषेत त्याचे अर्धे आयुष्य गेले त्या भाषेत त्याच्याशी बोलायला रोज चार वाजता मुले येत होती, ती सुद्धा दुसऱ्याच कुणाशी तरी बोलून निघून जात होती. आमोसने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसले. एक प्रश्न त्याच्या ओठांवर आला होता. तो त्याने अर्धा विचारलाही, "गुरुजी, मघाशी तुम्ही म्हणालात दात दुखतोय, ते खरंच..."

गुरुजी त्याच्याकडे बघत थांबले.

आमोसही थांबला. मग उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुळण्यांना पाणी गरम करून आणू का?"

"आण," गुरुजी म्हणाले. "आणि मीठ जरा जास्त टाक."